इंदुरात छोटा सिनेमा काढणाऱ्यांसाठी

नायकाला आधी नोकरी लावून द्या. तुम्हाला नसली तरी चालेल, त्याला हवीच. पगारपत्रकं तपासणारा कारकून बरा पडतो. तो बोलत नाही, संवादलेखकाचे पैसे वाचतात. नायिका आयबसच्या तिकीट खिडकीत बसवा. सुट्टे परत देताना तिचं बोट त्याच्या तळहाताला लागतं. इथे चार मिनिटं कॅमेरा हलवायचा नाही. प्रेक्षक हलला तर त्याला सिनेमा कळत नाही.

आता आयबस जिच्यावर धावायची ती बीआरटीएस, म्हणजे बसची ११.५ किलोमीटरची राखीव मार्गिका, २०१३ साली सुरू झाली आणि २०२५ मध्ये उखडायचा हुकूमही निघाला. पटकथेला तुम्ही बारा वर्षं लावलीत, त्याला बस काय करणार! मेट्रो आहे, पण पहिला टप्पा जेमतेम सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. नजरानजर होईतो उतरायची वेळ.

आवाज जागेवरच टिपा, डबिंग म्हणजे पाप. रामबागेत सकाळी सातला नायक गॅलरीत एकटा चहा पितोय, सगळीकडे शांतता, आणि गाणं वाजवत कचरागाडी येते. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं उगाच येत नाही. समोरच्या काकू ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन थेट फ्रेममध्ये. रीटेक उद्या सकाळी सातला.

खरी गोची योगायोगाची. दोन अनोळखी माणसं अचानक भेटतात म्हणे! इथल्या मराठी लोकांत अनोळखी माणूस आणायचा कुठून? नायकाने तोंड उघडलं की नायिका विचारणार, "तुम्ही लोकमान्यनगरचे ना? तुमची आत्या आमच्या मावशीबरोबर बँकेत होती." मग आडनाव, मग मूळ गाव, मग "घाई काय करून राहिलात, पोहे खाऊन जा." तुमच्या त्या गूढ मौनावर शेव आणि पोह्यावरचा जिरावन मसाला पडला म्हणून समजा.

आणि हो, नट नकोत, खरी माणसं घ्या. मीही एकदा खिडकीतल्या ताईंना विचारलं होतं.

"आठ तास ड्युटी करते. नवव्या तासाला ड्युटीचं नाटक करायचे किती देणार?"

"पडद्यावर नाव येईल ना, ताई."

त्यांनी सुट्टे मोजले आणि काउंटरवर ठेवले. बोट काही लागलं नाही.

"सरका पुढे, मागे लाईन आहे."