दहा बाय दहाचा बेस

घरी डान्स म्युझिक करायला लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइक, वाद्यं, स्पीकर लॅपटॉपला जोडणारी डबी), पाच इंची स्पीकरची जोडी आणि हेडफोन एवढं पुरतं, असं जो तो सांगतो. खोलीबद्दल कुणी बोलत नाही, आणि दगा नेमकी तीच देते.

आपली बेडरूम बहुधा दहा बाय दहा. एवढ्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून घुमतो: भिंतीपाशी फुगतो, मधोमध जवळजवळ गायब. लांबी-रुंदी सारखी, म्हणून दोन्ही बाजूंनी तोच सूर. त्यात ए मायनर स्केलमधल्या गाण्याचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, ५५ हर्ट्झवरच येऊन बसतो. मधोमध खुर्ची टाकलेल्या कलावंताला किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, ऐकूच येत नाही. तो फेडर (आवाजाची सरकपट्टी) दोन डेसिबल (डीबी) वर ढकलतो, मग आणखी तीन. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र स्लॅबमधून प्रत्येक ठोका व्यवस्थित पोचतो. "अरे, किती ते धडधड!" हा त्यांचा अभिप्राय आपल्या मीटरपेक्षा भरवशाचा, असं माझं ठाम मत आहे.

यावर अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणं हा आपला राष्ट्रीय उपाय. ५५ हर्ट्झची लाट सव्वासहा मीटर लांब. तिच्या लेखी तो पुठ्ठा नसल्यातच जमा. चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर) कोपऱ्यांत उभं करा, खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणा, आणि किक-बेसचा निकाल हेडफोनवर लावा.

मग त्या दोघांचं भांडण. बेसवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावून त्याच्या साइडचेनला किक जोडा, म्हणजे किक वाजली की बेस दबतो. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद, थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) असा की दर किकला बेस ५-६ डीबी दबेल. रिलीजला (दाब सुटायला लागणाऱ्या वेळेला) मात्र हिशेब लागतो: १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके असताना, एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, ऑफबीट (दोन ठोक्यांचा मध्य) २३४ वर. रिलीज १५० च्या आसपास ठेवला की बेस वेळेत सावरतो. ३०० केलात तर ऑफबीटला तो अजून दबलेलाच, आणि गाणं जिना चढल्यासारखं धापा टाकतं.

चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो करंट. बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची घरघर रद्द करणारी तीन जोडांची वायर) वापरा, सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन काढून टाक म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजून घरी पाठवा.

एवढं करून गाणं ऐकलं जाणार फोनवर, जिथे ५५ हर्ट्झ उमटतच नाही. म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन (सूर मुद्दाम किंचित फाटवणं) द्या; ११०, १६५, २२० हर्ट्झचे वरचे सूर तयार होतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. तरी घरचे विचारणारच, "यात गाणं कधी सुरू होतं?" डीजेला मिसळायला सोयीची म्हणून सुरुवात ३२ बारची (एक बार चार ठोक्यांचा) असते, म्हणजे १२८ बीपीएमला बरोबर एक मिनिट. घरच्यांसाठी ८ बारची वेगळी फाइल एक्स्पोर्ट करा. पंधरा सेकंद ते कळ काढतात.