कमान नको, खोल्या द्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यातली माझी चित्रं काढायची खोली गेल्या महिन्यात रिकामी केली. बारा वर्षं होते तिथे. सामान तसं थोडंच, पण सहा फुटी कॅनव्हास काही केल्या जिन्यातून उतरेना. तो मी वरच ताणून बसवला होता, त्यामुळे जिन्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता. शेवटी खाली बसून पक्कडीनं एकेक खिळा उपटला, कापड चौकटीवरून सोडवलं आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं. आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडतात, तडे जातात. ती गुंडाळी आता कसबा बावड्यात मावसबहिणीच्या माळ्यावर आहे.

वाडा पाडून तिथं अपार्टमेंट होणार. मालकांवर माझा राग नाही. त्यांनी बारा वर्षांत तीन हजारांचं भाडं फक्त दोनदा वाढवलं आणि टर्पेंटाइनच्या वासाबद्दल एकदाही तक्रार केली नाही. मग त्याच पेठेत तेवढीच खोली शोधायला लागले, तेव्हा सगळीकडे अकरा हजारांच्या पुढचेच आकडे ऐकले. वर एकानं विचारलं, "रंगकाम म्हणजे घाण होणार का ओ?" दुसरीकडे अकरा महिन्यांचा करार, पुढचं पुढे बघू. अकरा महिन्यांत खोलीतला उजेड कुठल्या महिन्यात कुठून येतो तेसुद्धा नीट कळत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे शहरात 'कला परिसर', 'आर्ट डिस्ट्रिक्ट' असे शब्द आता वारंवार कानावर येतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच नावाचं नाट्यगृह डोळ्यांदेखत पेटलं आणि सगळं शहर खासबागेकडे धावलं. त्या गर्दीत मीही होते. शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं नाट्यगृह. मोठी माणसं भिंतीला टेकून रडत होती. तेव्हापासून या भागासाठी काहीतरी भव्य करावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि ते अगदी रास्त आहे. पण बोलणं कुठून कुठे जातं बघा. स्वागत कमान, भिंतींवर चित्रं, पुतळे, रोषणाई, सेल्फी पॉइंट. त्या कमानीखालच्या परिसरात चित्रकार, मूर्तिकार, तबलजी, नेपथ्यवाले राहणार कुठे आणि काम कुठे करणार, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर कोल्हापुरात कला परिसर नव्यानं वसवायची गरजच नाही. खासबागेतून निघा. नाट्यगृह, कुस्तीचं मैदान, गाण्याचा देवल क्लब हे सगळं एका हाकेवर. तिथून महाद्वाराकडे गेलात की पापाची तिकटी आणि चपलांची दुकानं, बाजूला सराफांच्या गुजरीत साज घडवणारे हात, पुढे गंगावेशीत कुंभारवाडा. मंगळवार पेठेत सिनेमांचा जयप्रभा स्टुडिओ. जगात अशी शहरं थोडीच असतील, जिथं वीस-पंचवीस मिनिटं चाललं की इतक्या कला भेटतात. हे कुणी आराखडा काढून केलेलं नाही. पेठा होत्या, जागा स्वस्त होत्या, शेजारी उस्ताद होते, म्हणून ते झालं.

आणि जागा गेल्या की माणसं जातात, हेही कोल्हापूरइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी सहकाऱ्यांसह 1929 साली इथं प्रभात फिल्म कंपनी उभी केली, आणि 1933 साली ती पुण्याला गेली. आपण प्रभातचा अभिमान सांगतो, पण ती गेली हे सांगताना आवाज खाली येतो. 2022 साली जयप्रभा विकल्याची बातमी आली तेव्हा कलावंत रस्त्यावर बसले. दरवेळी आपण जागा हातची गेल्यावर जागे होतो.

माझा एक विद्यार्थी मातीत हात घातला की मडक्यातून माणूस काढायचा. त्याच्या घरी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीचं काम. 2019 च्या पुरात त्यांच्या साच्यांत पाणी शिरलं, 2021 ला पुन्हा. उंचावर एखादी शेड मिळाली असती तर घर सावरलं असतं. पण मूर्तीला जागा लागते ती वर्षातले काही महिनेच, आणि भाडं मात्र बारा महिन्यांचं. आज तो मुंबईत मालिकांच्या सेटवर फायबरचे खांब बनवतो. दिवाळीत आला होता. म्हणाला, "मॅडम, पैसे बरे मिळतात, पण स्वतःचं एक काम केलं नाही तीन वर्षांत." बोलताना अंगठ्यानं टेबलावर काहीतरी दाबत होता, जणू तिथं मातीच आहे.

त्याला परत यावंसं वाटावं यासाठी भिंतीवरचं चित्र पुरणार नाही. त्याला चारशे चौरस फूट जागा, पाण्याचा नळ, तीन फेजची वीज आणि निदान दहा वर्षं कुणी उठवणार नाही याची खात्री हवी आहे.

स्वस्त जागेनं काय होतं याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला 1974 साली मिळालं आणि त्या एका साध्या हॉलनं मराठी प्रायोगिक रंगभूमीला जवळजवळ दोन दशकं पोसलं. ना पडदा, ना वातानुकूलन. शाळा सुटल्यावर रिकामा होणारा हॉल, एवढंच. कोल्हापुरात महापालिकेच्या किती शाळांचे वर्ग दुपारनंतर कुलूपबंद असतात! आणि आपल्याकडे तर तालमी आहेत. पेठेपेठेत स्वतःच्या मालकीच्या इमारती असलेल्या तालीम संस्था. नाटकाच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो. खाली जोर-बैठका आणि वरच्या मजल्यावर तबला, हे काही पेठांत मी लहानपणी पाहिलेलं आहे. ते पुन्हा सुरू व्हायला फार खर्च येणार नाही.

पण उसन्या जागा हे तात्पुरतं. टिकायचं असेल तर मालकी हवी. मद्रासजवळच्या चोळमंडल या चित्रकारांच्या वसाहतीची गोष्ट मला फार धीर देते. 1966 साली चित्रकार के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे साठवले, समुद्राकाठी काही एकर जमीन घेतली आणि तिथं घरं, स्टुडिओ बांधले. तेव्हा तो ओसाड भाग होता. आज शहर त्याला जाऊन भिडलंय, आजूबाजूच्या जमिनीचे भाव आभाळाला टेकलेत, तरी चित्रकार तिथंच आहेत. कारण जमीन त्यांची आहे. एरवी जगभर होतं ते उलटं. चित्रकार स्वस्त, पडीक भागात येतात, भागाला नाव मिळतं, कॅफे येतात, भाडी चढतात आणि सगळ्यात आधी चित्रकारच बाहेर पडतात. नुसतं सुशोभीकरण केलं तर आपल्याही पेठांत हेच होईल, हे मला अगदी स्पष्ट दिसतंय. भिंतीवर आम्हीच चित्रं काढायची आणि त्या चित्रांमुळे वाढलेलं भाडं परवडत नाही म्हणून आम्हीच उठायचं.

आणि मालकी कशी उभी करायची हे कोल्हापूरला कुणी शिकवायचं? दोन म्हशींवाल्या बाईचं दूध रोज वेळेवर उचललं जातं, कारण गोकुळसारखा संघ तिच्या मागे आहे. ऊस सहकारात, दूध सहकारात, सूतगिरणी सहकारात. मग कलावंतांची सहकारी संस्था का नको? महापालिकेनं एखादी बंद शाळा किंवा पडून असलेला भूखंड तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं अशा संस्थेला द्यावा. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या बाजारभावाच्या दरानं नको, तो आम्हाला झेपणार नाही. बदल्यात संस्थेनं पेठेतल्या मुलांना शिकवावं, वर्षातून काही दिवस दारं लोकांना उघडी ठेवावीत. खोली कुणाला विकता येणार नाही, पोटभाड्यानं देता येणार नाही, काम बंद केलं तर पुढच्याला द्यायची, हे नियम पहिल्याच दिवशी लिहून घ्यावेत. नाहीतर तिथंही दहा वर्षांनी कपड्यांची दुकानं दिसतील.

हे सरकारचं काम नाही असं कुणी म्हणेल, त्यांना शाहूपुरी आठवावी. 1895 साली महाराजांनी व्यापाऱ्यांना सवलती देऊन ती पेठ वसवली, तेव्हा कुठे गुळाची बाजारपेठ उभी राहिली. आधी माणसांच्या पायाखाली जागा दिली, नाव नंतर झालं. त्याच राजानं अबालाल रहमानसारख्या चित्रकाराला आश्रय दिला, म्हणून रंकाळा आणि कोटीतीर्थ कागदावर उतरले.

आम्ही काही जण रविवारी भेटतो आहोत. एक नेपथ्यकार, दोन मूर्तिकार, एक हार्मोनियम दुरुस्त करणारे काका, एक चप्पल कारागीर, एक तबलावादक आणि मी. संस्था नोंदवायला निदान 10 सभासद लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. आम्ही 7 आहोत. अजून तिघे हवेत. पेठेत एखादी मोठी रिकामी खोली ठाऊक असेल तर तेही इनबॉक्समध्ये कळवा. जिना रुंद असेल तर उत्तमच.