विसावा

सांगलीत माझा भडंगाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन कढया आणि १९ माणसं. हा १९चा आकडा मी आठ वर्षं काचेच्या बरणीसारखा जपला. भविष्यनिधीचा, म्हणजे पीएफचा, कायदा २० माणसांपासून लागतो, एवढं एकच कलम मला पाठ होतं.

मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि पाकिटं भरायला बायकोच्या माहेरचा एक पोरगा ठेवला. विसावा माणूस. माझा विसावा तिथेच संपला.

पोरगा अकराव्या दिवशी ‘लसणाच्या वासानं डोकं उठतंय’ म्हणून गेला. मी आनंदानं पीएफच्या कन्सल्टंटकडे पळालो. “परत १९ झालो!”

तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, “एकदा लागला की लागला. माणसं कमी झाली तरी सुटत नाही.” बिस्कीट चहात पडलं. ते त्यानं चमच्यानं काढलं. मला काढणारं कोणी नव्हतं.

पुढं कागदपत्रं. आमच्या शेवंताबाई आधारावर शेवंता, बँकेत शेवंताबाई. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, “कोयनेचा भूकंप झाला तवा मी पाळण्यात हुते.” भूकंप डिसेंबर १९६७चा, आधारावर १ जानेवारी १९७०. बाईंना पाळण्यातून उचलून पुन्हा पोटात घातलं, तेव्हा कुठं पीएफच्या पोर्टलनं बारा आकडी नंबर दिला.

पहिला पगार झाला. बारा हजारांवर बारा टक्के, १,४४० कापले.

“माझ्या पैशातनं कापताय व्हय, मालक?”

“तेवढेच मीपण घालतोय, बाई.”

“मग तुमचंच घाला की. माझं कशाला कापताय?”

याला अजून माझ्याकडे उत्तर नाही. वर मी शहाणपणा केला आणि सांगितलं, की माझ्या १,४४० मधले हजारभर पेन्शनला जातात, उरलेले फंडात. झालं! “मालकानं हजार खाल्लं” ही बातमी दुपारच्या डब्याआधी दोन्ही कढयांपर्यंत पोचली.

आता दर महिन्याची १४ तारीख मी पोर्टलवरचं गोल फिरणारं चक्र बघत काढतो, कारण १५ला चलन भरायचं असतं. दसरा-दिवाळी चुकेल, १५ तारीख चुकत नाही.

परवा शेवंताबाईंनी नातवाकडून मोबाइलवर शिल्लक बघितली. पदर सावरत ऑफिसात आल्या, आकडा दोनदा वाचून दाखवला. मग सहज विचारलं, “आन् तुमचं किती साठलं, मालक?”

मालकाचं खातं नसतं. मी भडंगात मीठ बरोबर पडलंय का ते बघायला उठलो.