मंदोदरी, पाच हजार वर्षं आणि बुद्धिबळ: एका मेसेजला उत्तर

२० जुलैला, जागतिक बुद्धिबळ दिनाला, ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: पाच हजार वर्षांपूर्वी, रावणाचं मन युद्धावरून काढायला मंदोदरीने बुद्धिबळाचा शोध लावला; पांडव हरले तो डावही बुद्धिबळाचाच; लोथलला, म्हणजे गुजरातमधल्या सिंधू संस्कृतीच्या नगरात, उत्खननात याच सोंगट्या मिळाल्या; नियम तेव्हापासून जसेच्या तसे आहेत; आणि इंग्रजांनी हा इतिहास दडपला. मी नौपाड्यात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. हा मजकूर आता मुलांच्या भाषणांत उतरतो, वाशीच्या एका शालेय स्पर्धेत तो फलकावरही लावलेला पाहिला. मुलं तो खरा धरून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मेसेजचाच हिशोब पाहू. घरातलं पंचांग उघडा. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२, म्हणजे पाच हजारांहून थोडी अधिक वर्षं झाली. मंदोदरी त्रेतायुगातली. मध्ये अख्खं द्वापरयुग आहे, परंपरेच्या गणनेत ८,६४,००० वर्षांचं. परंपरा मानायची तर ‘पाच हजार’ चुकतं, आणि पाच हजार धरायचे तर मंदोदरी बसत नाही. दोन्ही एका वाक्यात मावत नाहीत, कारण ते दोन वेगळ्या ठिकाणांहून आले आहेत.

मंदोदरीची गोष्ट जगभर गेली ती सर विल्यम जोन्स यांच्यामुळे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे हे न्यायाधीश. भारतीय बुद्धिबळावरचा त्यांचा निबंध १७९०चा. रामाने लंकेला वेढा घातला असताना रावणाच्या राणीने त्याच्या करमणुकीसाठी हा खेळ काढला असं म्हणतात, इतकंच ते सांगतात. आणि त्याच निबंधात प्रांजळपणे लिहितात की हा खेळ नक्की भारताचा, पण ब्राह्मणांच्या अभिजात ग्रंथांत त्याचं वर्णन मला कुठेच आढळलं नाही. ‘पाच हजार’ आले ते पुढे, प्राच्यविद्या अभ्यासक डंकन फोर्ब्स यांच्या बुद्धिबळाच्या इतिहासावरच्या १८६०च्या पुस्तकातून. फासे टाकून चौघांनी खेळायचं बुद्धिबळ हेच मूळ, आणि ते इतकं प्राचीन, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी त्यांनी पुराणातल्या म्हणून मिळालेल्या उताऱ्याचा काळ फार मागे नेला. जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर आणि डच बुद्धिबळ-इतिहासकार फान डर लिंडे यांनी त्याच शतकात तो सिद्धांत खोडून काढला. चौघांच्या त्या खेळाची खात्रीलायक नोंद मिळते ती भारताबद्दल लिहिणाऱ्या अल बिरूनी या विद्वानाकडे, अकराव्या शतकात.

वाल्मीकींकडे तर ही कथा नाहीच. त्यांची मंदोदरी युद्धकांडात रावणाच्या देहापाशी बसून विलाप करते. ती म्हणते, तू आधी इंद्रियं जिंकलीस आणि मग त्रिभुवन. त्या वैराची आठवण ठेवूनच जणू इंद्रियांनी तुला जिंकलं. नवऱ्याच्या प्रेतासमोर इतकं नितळ बोलणारी ही बाई. तिची ओळख मुलांना करून द्यायची तर ही ओळ वाचून दाखवावी.

आता पांडवांचं द्यूत. सभापर्वात युधिष्ठिर पण लावतो, शकुनी फासे घेतो आणि लगेच येतं, ‘जितमित्येव शकुनिर्युधिष्ठिरमभाषत’. ‘जिंकलं!’ असं शकुनी म्हणाला. पुन्हा पण, पुन्हा तेच. धन, रथ, दासी, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी, सगळं असं एकेका फेकीत जातं. ज्याने एकदा तरी बुद्धिबळाचा डाव पूर्ण खेळला आहे त्याला हे जमायचं नाही हे लगेच कळेल. शिवाय शकुनीवरचा कपटाचा आरोप फाशांमुळेच उभा राहतो. बुद्धिबळात सगळा डाव दोघांच्या डोळ्यांसमोर उघडा असतो. तिथे शकुनीची विद्या चालली नसती.

लोथलबद्दल थोडक्यात. तिथे खेळण्याच्या सोंगट्यांसारख्या वस्तू मिळाल्या, हे खरं. पण मेसोपोटेमियात उर इथेही साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पट मिळालेत आणि तो शर्यतीचा खेळ होता. सोंगटीच्या आकारावरून नियम कळत नाहीत.

‘नियम तेच’ हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो करणाऱ्याने आजोबांना विचारलेलं नसतं. आपल्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जाई. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, आजच्यासारखा नव्हता. राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढले, नियम नव्याने शिकले आणि १९२९, १९३२, १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेते झाले. आज पट गाजवणारा वजीर जुन्या खेळात तिरपं एकच घर सरके. त्याची लांब चाल युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आली.

राहिला ‘दडपलं’ हा आरोप. मंदोदरीची कथा छापली इंग्रज न्यायाधीशाने. बुद्धिबळाचं मूळ भारतात आहे हे हजारो संदर्भ चाळून मांडलं ते एच. जे. आर. मरे या इंग्रजानेच, १९१३ साली. इराणी लोक तर त्याआधी कित्येक शतकं हेच सांगत होते: हिंदुस्थानच्या राजाने इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवानकडे पाचूच्या सोळा आणि माणकांच्या सोळा सोंगट्या पाठवल्या, अशी त्यांची पहलवी, म्हणजे जुन्या फारसीतली, कथा आहे. तीही कथाच, पण श्रेय आपल्याला देणारी.

आपल्याकडचा पुरावा याहून पक्का आहे आणि तो फलकावर लागत नाही याचं मला वाईट वाटतं. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षचरितात लिहितो, ‘अष्टापदानां चतुरङ्गकल्पना’. चतुरंग म्हणजे चार अंगं, हातपाय, आणि बुद्धिबळाचं जुनं नावही. हर्षाच्या राज्यात हातपाय तोडण्याची शिक्षा नाही, चतुरंग मांडला जातो तो फक्त आठ बाय आठ घरांच्या पटावर, असा तो श्लेष आहे. वाचकांना खेळ माहीत असल्याशिवाय असा श्लेष कुणी करत नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर मानसोल्लासात या खेळाचं वर्णन करतो. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बसवकल्याण. डोंबिवलीच्या पुढचं आपलं कल्याण नव्हे.

आणि नवव्या शतकातला काश्मिरी काव्यशास्त्रकार रुद्रट. त्याच्या काव्यालंकारात बत्तीस अक्षरांचा एक श्लोक आहे. अर्ध्या पटावर, आठ-आठ घरांच्या चार ओळींत तो लिहायचा. सरळ वाचा, किंवा घोड्याच्या उड्या घेत वाचा, श्लोक तोच निघतो. पुढच्या २० जुलैला ग्रुपवर मेसेज आला की मुलांना अर्धा पट आणि एक घोडा द्या, आणि कोणतंही घर दोनदा न घेता बत्तीसही घरं फिरवायला सांगा.