‘मिक्स्ड’ म्हणजे दोन कॅन्सर नव्हेत

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘मिक्स्ड डक्टल अँड लोब्युलर कार्सिनोमा’ (डक्टल आणि लोब्युलर अशा दोन प्रकारांचं मिश्रण) असं आलं की एक मेसेज हमखास फिरतो: स्तनात दोन कॅन्सर आहेत, धोका दुप्पट आहे आणि बायोप्सीत नुसतं ‘डक्टल’ आलं होतं म्हणजे लॅबने घोळ घातला. तिन्ही गोष्टी चूक आहेत. अशा मेसेजपायी उपचार लांबतात, म्हणून हे सविस्तर.

दोन कॅन्सर? बहुतेक वेळा गाठ एकच असते, फक्त तिच्यातल्या पेशींची वाढ दोन तऱ्हांनी झालेली असते. डक्टल भागात पेशी घोळक्याने किंवा नळ्या करून वाढतात, लोब्युलर भागात त्या सुट्या होऊन एकामागे एक रांगेत शिरतात. डब्ल्यूएचओच्या २०१९च्या वर्गीकरणानुसार लोब्युलरसारखा विशेष प्रकार गाठीच्या १० ते ९० टक्के भागात असेल तर ती मिश्र. दोन स्वतंत्र गाठी वाढत जाऊन एकमेकींना भिडल्या, असंही कधी होतं, पण ते क्वचित.

धोका दुप्पट? प्रकारांची बेरीज करून स्टेज ठरत नाही. गाठीचा आकार, काखेतल्या लसिका ग्रंथी, ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत ते), ईआर-पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) यांवर पुढचं सगळं ठरतं.

आता लॅबची ‘चूक’. बायोप्सीची सुई गाठीतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे तुकडे काढते. ती डक्टल भागातून गेली तर रिपोर्ट डक्टल येणार, आणि तो त्या तुकड्यांपुरता बरोबरच असतो. दुसरा भाग ऑपरेशननंतर पूर्ण गाठ कापल्यावरच दिसतो.

‘ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन रंगवून पाहायची तपासणी) करा, लगेच कळेल’ असाही सल्ला मिळतो, तोही अर्धवट. डक्टल पेशींच्या कडेवर हा रंग ठळक उठतो, लोब्युलरमध्ये सहसा उठत नाही. पण काही लोब्युलर गाठींतही तो राहतो. नुसत्या रंगावर विसंबलं तर अशी गाठ डक्टलमध्ये जमा होते. म्हणून शंका असेल तिथे पी-१२० या दुसऱ्या प्रथिनाचा रंग जोडतात: डक्टलमध्ये तो पेशीच्या कडेवर दिसतो, लोब्युलरमध्ये पेशीद्रवात पसरतो. तरीही पेशींची मांडणी आधी पाहायची, रंग नंतर.

खरी काळजी घ्यायची ती वेगळीकडे. लोब्युलर भाग मॅमोग्राफीत लपतो, त्यामुळे गाठ लहान वाटते. तो बायोप्सीत दिसला असेल तर एमआरआयबद्दल सर्जनला विचारा. आणि दोन्ही भागांत हर-टू वेगळं निघू शकतं. बायोप्सीत निगेटिव्ह आलं आणि ऑपरेशनच्या नमुन्यात नवा भाग सापडला, तर त्या भागाच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) हर-टूची तपासणी पुन्हा करून घ्या. नमुना फॉर्मालिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) ६ ते ७२ तास होता ना, तेही रिपोर्टमध्ये पाहा. कमी वेळ राहिला तर ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.