पेशीभित्तिका म्हणजे जाडसर पटल नव्हे

सविनय नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ‘वनस्पतींच्या पेशीला भित्तिका असते, प्राण्यांच्या पेशीला पटल असते’ हे माझ्या लेखातील वाक्य दिशाभूल करणारे आहे, हा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पटल, म्हणजे पेशीला वेढणारे पातळ आवरण, नसलेली जिवंत पेशी अस्तित्वातच नाही. वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणू यांच्या पेशींना त्या पटलाच्या बाहेरून आणखी एक भित्तिका असते, एवढेच म्हणायला हवे होते. फरकाचे तक्ते पाठ करून वाढलेल्या पिढीची ही खोड आहे. डाव्या रकान्यात एक आले की उजव्या रकान्यात त्याच्या उलट काहीतरी असलेच पाहिजे, असे हाताला वळणच पडते.

मात्र आपला पुढचा मुद्दा मला पटला नाही. आपण लिहिता की, दोन्ही शेवटी आवरणेच, एक जाड आणि टणक, दुसरे पातळ आणि लवचीक. एवढ्याशा फरकासाठी इतके पाल्हाळ कशाला? जाडीचा फरक आहे, यात शंका नाही. पटल साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीत अशी दहा हजारांहून अधिक पटले एकावर एक मावतील. भित्तिका त्याच्या कितीतरी पट जाड असते. पण पटल कितीही जाड केले तरी त्याची भित्तिका होणार नाही, कारण दोघांची कामेच वेगळी आहेत: एकाचे काम निवडण्याचे, दुसरीचे ताण सोसण्याचे.

हे शब्दांनी पटवण्यापेक्षा एक जुना प्रयोग नीट पाहू. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. तिची पातळ साल काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेली दिसते. आता पाण्याऐवजी मिठाचे तीव्र द्रावण घातले की काही मिनिटांतच तो रंग कडांपासून सुटू लागतो, कोपऱ्यांतून मागे सरतो आणि मध्यभागी गोळा होतो. पाणी बाहेर गेल्याने पटल आतल्या ऐवजासह आक्रसलेले असते. भित्तिकेची बाह्यरेषा मात्र जवळजवळ होती तशीच राहते. बहुतेक विद्यार्थी येथे ‘प्लाझ्मोलिसिस’ असे लिहून वही मिटतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: आक्रसलेले पटल आणि जागच्या जागी राहिलेली भित्तिका यांच्यामध्ये जी रिकामी दिसणारी जागा तयार झाली, तिच्यात काय असते? तिच्यात असते बाहेरचेच मिठाचे द्रावण. म्हणजे मीठ भित्तिकेतून विनासायास आत आले आणि पटलापाशी येऊन अडले. भित्तिकेने मीठ अडवले असते, तर पटल तिच्यापासून असे सुटून आलेच नसते. दोन आवरणांपैकी निवड कोण करते, हे एवढ्याशा फटीत उघड दिसते.

याच सालीचा दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात घालून पाहावा. भित्तिकांची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसते, पण जांभळा रंग पाण्यात उतरलेला असतो. उष्णतेने पटल फाटले आणि रंग थेट भित्तिकेतून बाहेर पडला. इतके दिवस त्याला आत धरून ठेवणारी ती नव्हतीच.

मग भित्तिका करते काय? पेशीतील द्रव बाहेरच्यापेक्षा संहत, म्हणजे अधिक तीव्र, असल्याने परासरणाने (पटलातून तीव्र द्रवाकडे झिरपून) पाणी सतत आत येऊ पाहते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, कारण पटलाला असा ताण सोसत नाही. वनस्पतीपेशी फुटत नाही. तिचे पटल भित्तिकेवर रेलते आणि सेल्युलोजचे तंतू तो दाब पेलतात. हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरमधील दाबापेक्षाही जास्त असतो, आणि कोवळे, लाकूड न झालेले देठ त्याच्याच जोरावर ताठ उभे राहतात. जीवाणूंच्या भित्तिकेत सेल्युलोजऐवजी पेप्टिडोग्लायकन असते आणि कवकांच्या भित्तिकेत कायटिन, पण काम तेच. पेनिसिलिन जीवाणूंच्या याच भित्तिकेचे विणकाम अडवते; मग आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. मायकोप्लाझ्मा या जीवाणूंना भित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. पटल त्यांनाही असतेच. भित्तिका म्हणजे केवळ जाड पटल असती, तर औषधाने असा भेद केला नसता.

लेखात मी भित्तिकेला ‘निर्जीव’ म्हटले होते; त्या शब्दावर आपण घेतलेली हरकत अर्धी बरोबर आहे. वाढत्या पेशीची भित्तिका सैल होते, ताणली जाते, तिच्यात नवे थर भरले जातात, हे खरे. परंतु सेल्युलोजचे तंतू विणणारी विकरे (एन्झाइम) पटलातच बसलेली असतात, आणि भित्तिका सैल करण्यासाठी लागणारी आम्लता पटलच हायड्रोजन आयन बाहेर ढकलून निर्माण करते. आणखी एक गोष्ट: १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या रिकाम्या भित्तिकाच होत्या. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या तर पेशी मेल्यानंतरच कामाला लागतात. मालक गेल्यावरही भित्तिका उपयोगी पडते. पटलाला ते शक्य नाही.

एक चूक आपल्या नजरेतून निसटली, ती मीच सांगतो. ‘भित्तिका सर्व काही आत येऊ देते’ असे मी लिहिले होते. मुळांच्या आतील अंतस्त्वचा नावाच्या थरात पेशींच्या भित्तिकांवर लिग्निन आणि सुबेरिन या पदार्थांची एक पट्टी असते, तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात, आणि तिच्यातून पाणीसुद्धा जात नाही. पण गंमत अशी की, भित्तिकांमधून जाणारी वाट येथे बंद झाल्यामुळेच मातीतून आलेल्या पाण्याला आणि क्षारांना पटल ओलांडावे लागते, म्हणजे निवड पुन्हा त्याच्याच हाती जाते. मूळ लेखातील हे आणि सुरुवातीला सांगितलेले, अशी दोन्ही वाक्ये मी आज दुरुस्त केली आहेत. ‘निर्जीव’ हा शब्दही काढून तेथे ‘पटलाच्या बाहेर, पेशीनेच विणलेली’ असे लिहिले आहे.