माशांना न विचारता ठरलेली तारीख

वार्षिक मासेमारीची तारीख ठरवताना सगळ्यांचा विचार होतो. एकाच्या मेहुण्याचं लग्न, दुसऱ्याचं ऑडिट, तिसऱ्याची पिंपळगावकडची द्राक्षबाग (मण्यात पाणी उतरायच्या आत निघालो तरच तो येणार), चौथ्याला घरून मिळायची परवानगी. एवढं सगळं जुळवून उरते ती तारीख हमखास डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडते. माशांना तेवढं कुणी विचारत नाही.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याला खाल्लेलं पचायला वेळ लागतो, म्हणून तो खाणंच आवरतं घेतो. पाणी 20 अंशांखाली उतरलं की रोहू-कटल्याची भूक मंदावते. एरवी चपातीचा तुकडाही न सोडणारी चिलापी 16 अंशांच्या आसपास तोंड मिटून बसते. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की समजावं, आपली सहल जवळ आली आणि माशांचे उपास सुरू झाले.

त्यात पहाटेचं वेड. ‘मासे पहाटेच लागतात’ असं सांगणारा एक तज्ज्ञ प्रत्येक टोळीत असतो. उन्हाळ्यात त्याचं खरं आहे. हिवाळ्यात काठालगतचं उथळ पाणी रात्रभर निवलेलं असतं, ते जरा कोमट व्हायला अकरा वाजतात. गळ टाकायची खरी वेळ अकरा ते तीन. पण चारला नाशिकच्या अशोकस्तंभावर जमलेला, गिरणाऱ्यात चहा घेतलेला आणि सहापासून काश्यपी धरणाच्या काठावर कुडकुडत बसलेला माणूस अकरा वाजता एकच गोष्ट करू शकतो. मासे जेवायला बाहेर पडतात तेव्हा आमच्याकडे सामुदायिक घोरणं चालू असतं.

परवानग्या दोन. वाघेऱ्याच्या बाजूच्या राखीव जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याची, आणि गळ टाकायचा तर धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तिची. तिथली बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) संस्थेने पैसे मोजून सोडलेली असते, तेव्हा ‘आम्ही काय, दोन-चारच धरणार’ हे बोलणं शोभत नाही. संस्थेचा माणूस आमच्याकडे, मग आमच्या सामानाकडे बघतो आणि लगेच ‘टाका की’ म्हणतो. याचा अपमान वाटून घेऊ नये. दरवर्षी कुणीतरी नांदूरमध्यमेश्वरचं नाव काढतं. ते पक्षी अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथे दुर्बीण न्यावी.

गेल्या वर्षीची ‘हमखास’ जागा गेल्या वर्षीच्याच ठिकाणी असते, पाणी मात्र शंभर पावलं पुढे गेलेलं असतं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं, आणि आवर्तनं असतात ती वेगळीच. म्हणजे आपण ज्या पाण्यावर डोळा ठेवलेला असतो ते पैठणला पोचलेलं असतं. मधल्या शंभर पावलांत गुडघाभर चिखल. त्यात चप्पल गेली की शोधू नये, पायही जातो.

आता सामान. रीळवाली महागडी काठी ज्याच्याकडे असते त्याचा सगळा दिवस गुंता सोडवण्यात जातो. काठाच्या मासेमारीला दहा-बारा फुटांचा बांबू आणि पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी) बास. गळाच्या नंबरांत खरी गंमत आहे. नंबर वाढला की गळ लहान होतो. मोठा मासा हवा म्हणून दुकानात ऐटीत मोठा नंबर मागणारा मुंगीला शोभेल असा गळ घेऊन येतो. चिलापीचं तोंड लहान, तिला 8 किंवा 10 नंबर बरा.

गाठीवर मी जरा अडून बसतो, कारण निम्मे मासे तिथेच जातात. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत घ्यायचं आणि थुंकी लावून मग ओढायचं. थुंकी श्रद्धेपोटी नाही; कोरडा तंगूस घासून तापतो आणि नेमका तिथेच कमकुवत होतो. ‘एवढा मोठा होता, दोरी तोडून गेला’ असं कुणी हात पसरून सांगू लागला तर आधी दोरीचं टोक मागावं. टोकाला डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी दिसली तर दोरी तुटलेली नाही, गाठ सुटलेली आहे. मैत्री टिकवायची असेल तर हे मनात ठेवावं.

चारा दोन तऱ्हेचा. गांडुळं डब्यात ओल्या मातीसकट ठेवायची, झाकणाला भोकं पाडायची, डबा सावलीत ठेवायचा. रोहू-मृगळसाठी दोन वाट्या कणीक, वाटीभर शेंगदाण्याची पेंड, चमचाभर तूप, चिमूटभर हिंग. कणकेत कापसाचे तंतू पिंजून मळले तर गोळा पाण्यात सुटत नाही. त्याच मंडळींनी थापलेल्या भाकरीपेक्षा हा गोळा नेहमीच मऊ होतो. चारा लावणाऱ्याने हाताला डासांचं मलम चोळू नये. डासही जातात, मासेही जातात.

दोरीवरच्या तरंगत्या बुचाखालची खोली कुणी मोजत नाही. गळाला जड शिसं लावून बुच एकदा सोडून बघायचं. ते आडवं पडलं तर दोरी जास्त आहे, बुडालं तर कमी. हे दोन मिनिटांचं काम टाळून लोक दिवसभर मासा नसलेल्या थरात चारा टांगून ठेवतात. नंतर बुच जागच्या जागी नुसतं थरथरलं तर चिल्लर मासे कुरतडताहेत, तिकडे लक्ष देऊ नये. तिरकं सरकत गेलं की हिसका. तो हिसका मनगटाचा हवा. खांद्यातून दिला की मासा पाण्यात राहतो आणि गळ मागच्या ऐनाच्या झाडात.

शांततेबद्दलचा गैरसमज तर जुनाट आहे. सगळे एकमेकांशी कुजबुजत बोलतात. हवेतला आवाज जवळजवळ सगळा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो, तेव्हा राजकारणावर खुशाल भांडावं. मासा दचकतो तो जमिनीच्या हादऱ्यांनी. आणि कुजबुजणारी हीच मंडळी खडकावर स्टीलचा डबा आपटतात आणि बूट घालून काठावर फेऱ्या मारतात.

एखादी चिलापी लागलीच तर साफ करणं हा वेगळा सोहळा. सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायचे. पित्ताची पिशवी फुटता कामा नये, नाहीतर रस्सा कडू. पोटातला काळा पापुद्रा खरवडायचा. धरणाच्या माशाला चिखलाचा वास येतो. हळद, मीठ आणि लिंबू चोळून वीस मिनिटं ठेवलं की बराचसा जातो. आठ माणसांत एक चिलापी म्हणजे प्रत्येकाला तीर्थाएवढी, म्हणून गिरणाऱ्यातच दोन किलो चिकन घेऊन ठेवलेलं असतं. त्याला काळा मसाला चांगला लागतो.

परतीच्या वाटेवर संस्थेच्या माणसाकडून तीन-चार किलोचा कटला घ्यायचा, हा अलिखित नियम. फोटो काठावरच काढावा, ताजेपणा दिसतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. गळाने धरलेल्या माशाच्या जबड्यात भोक असतं; जाळ्यातल्या माशाच्या कल्ल्यांमागे दोरीचा वळ उठलेला असतो. मासा कापूनच घरी न्यावा, आणि डोकं, कल्ले त्यात देऊ नयेत.

न देऊनही फार फरक पडतो असं नाही. पिशवी ओट्यावर ठेवताच आईने डोळ्यांवर चष्मा चढवलेला असतो. ती एकसारखे कापलेले तुकडे उलटेसुलटे करून बघते आणि विचारते, “कापायचे वेगळे घेतले का रे त्याने?”